ठमाबाईच्या पायाची चौकशी

आमच्या नातीचा पाय मी मोडला. हे आधीच सांगून टाकतो, कारण घरात सांगायला मला एकवीस दिवस लागले, आणि ते एकवीस दिवस त्या अपघाताचा चौकशी अधिकारी मीच होतो.

पाइप बनवणाऱ्या कारखान्यात मी चौतीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो. कुणाचं बोट गेलं, कुणाच्या पायावर पाइप पडला, की अहवाल माझा. त्यात 'अपघाताचे कारण' असा एक रकाना असायचा. तिथे मी सुवाच्य अक्षरात 'संबंधित व्यक्तीचा निष्काळजीपणा' असं लिहायचो आणि खाली त्या संबंधित व्यक्तीची सही घ्यायचो. इतक्या वर्षांत दोष कधी यंत्राचा निघाला नाही, मॅनेजरचा निघाला नाही, आणि यंत्र तपासून पास करणाऱ्याचा तर नाहीच नाही. पास करणारा मीच होतो. निवृत्तीच्या समारंभात 'डोळ्यांत तेल घालून' हे शब्द माझ्याबद्दल तीन वेळा उच्चारले गेले.

तर ठमाबाई. खरं नाव चांगलं लांबलचक आहे, ते पुढे शाळेत उपयोगी पडेल. वय पंधरा महिने, चालायला लागून जेमतेम महिना झालेला. त्या रविवारी दुपारी मी तिला बागेत नेलं. बागेत लोखंडी घसरगुंडी आहे. तिच्या कडा धोकादायक आहेत असं पत्र मी नगरपालिकेला पूर्वीच पाठवलेलं आहे. तर ते पत्र लिहिणारा सहासष्ट वर्षांचा शहाणा त्या दिवशी इकडेतिकडे बघून, नातीला मांडीवर घेऊन, त्याच घसरगुंडीवरून घसरला. ठमाबाईने हट्ट वगैरे काही केला नव्हता. हौस मला आली होती. अर्ध्या वाटेत तिच्या सँडलचा रबरी तळ कडेला चिकटला. पाय मागे राहिला आणि आम्ही दोघं माझ्या वजनानिशी पुढे गेलो.

घरी येईपर्यंत ती रडत होती. दार सूनबाईने उघडलं. मी म्हणालो, "झोप आली असेल गं तिला." पोर तिच्या हातात दिली आणि आंघोळीला गेलो. दुपारी चार वाजता.

पुढचं सगळं त्या आंघोळीच्या वेळात घडलं. सूनबाईने तिला थोपटून पलंगावर निजवलं आणि तेवढ्यात फोन वाजला. सूनबाई दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते. माझ्या तोंडातली कवळीही तिच्याच हातची, इतकी बेमालूम की मी तिच्याविरुद्ध बोलतानासुद्धा ती हलत नाही. दीड वर्ष घरी काढून ती नुकतीच कामावर परतली होती, आणि मालक तिच्या हाती कवळ्यांचा सगळा विभाग देणार होता. फोन त्याचाच होता. नीट ऐकू येईना म्हणून ती गॅलरीत गेली. परत आली तर ठमाबाई पलंगाखालच्या चटईवर, किंचाळत, आणि डावा पाय उचलेना.

"पलंगावरून पडली!" माझी बायको म्हणाली. मी ओल्या डोक्याने बाहेर आलो तोवर कारण ठरलेलं होतं. माझ्या कारखान्यातही इतक्या झटपट कधी ठरलं नव्हतं.

दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. नडगीच्या हाडाला पिळल्यासारखी चीर होती. "नुसतं पडून असं सहसा होत नाही," ते म्हणाले. "कुणी मांडीवर घेऊन घसरगुंडीवर बसलं होतं का? असे पाय येतात आमच्याकडे."

"छे, छे!" आमचे चिरंजीव म्हणाले. "आमच्याकडे असलं कुणी करत नाही. बाबा स्वतः सेफ्टी ऑफिसर होते."

डॉक्टरांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. मी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे पाहिलं. मी खोटं बोललो नाही. मी बोललोच नाही.

पायाच्या बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर, चार आठवडे. घरी आल्यावर चिरंजीव म्हणाले, "बाबा, हा तुमचा विषय. नेमकं काय झालं ते तुम्हीच शोधा. पुन्हा असं व्हायला नको." चिरंजीव पाणी शुद्ध करायची यंत्रं विकतात, त्यामुळे दूषित काय ते शोधून काढायची त्यांना सवय आहे. मी नाही म्हणायला हवं होतं. पण सहा वर्षांत मला कुणी कसला विषय दिला नव्हता. कोल्हा काकडीला राजी! मी रेघांची वही काढली.

जेवणाच्या टेबलावर जबान्या झाल्या. बायकोने सांगितलं की आपल्या मुलाला तिने तळहातावरच्या फोडासारखा जपला, आणि तो लहान असताना ती एकदाही फोनवर बोलत बसली नव्हती. त्या काळात आमच्या घरी फोनच नव्हता, याची नोंद मी केली नाही. चिरंजिवांनी टेप लावून पलंगाची उंची मोजली. सोळा इंच. मग सूनबाई बसली.

"किती वेळ गॅलरीत होतीस?" मी विचारलं.

"दोन मिनिटं असेन, बाबा."

चिरंजिवांनी सूनबाईचा फोन उचलून पाहिला आणि आकडा वाचला. चार मिनिटं अकरा सेकंद.

सूनबाई वहीकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. मी लिहिलं, '४ मि. ११ से.', आणि खाली रेघ मारली. पट्टीने. कारणाच्या जागी हात आपोआप गेला आणि तेच वाक्य उतरलं. वड्याचं तेल वांग्यावर काढण्यात माझा हातखंडा आहे, पण इतकं सफाईदार मीसुद्धा आधी काढलं नव्हतं.

त्यानंतर आमचं घर सुरक्षित झालं. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज लागले. घरातल्या सगळ्या पलंगांचे पाय काढले आणि गाद्या जमिनीवर आल्या, त्यामुळे सकाळी उठायला मला दोन माणसं लागू लागली. समोरच्या काकू रोज पाय बघायला यायच्या, चहा प्यायच्या आणि जाताना म्हणायच्या, "चालायचंच. आईचं लक्ष नसलं की होतं असं." हे त्या सूनबाईच्या देखतच, तिची समजूत घालायच्या सुरात म्हणायच्या. प्लास्टरला वास यायला लागला, तोही सूनबाईचा दोष. आत खाज सुटून पोर रात्रभर कुरकुरायची, तोही तिचाच. ओला लंगोट प्लास्टरच्या कडेला लागू नये म्हणून ती दर दोन तासांनी उठून बघायची आणि सकाळी बायको विचारायची, "रात्री बघितलंस ना गं?"

घरात मजेत होती ती एकटी ठमाबाई. आठवड्याभरात ती बुडावर सरकायला शिकली. तो पांढरा खांब मागून ओढत ती घरभर हिंडायची आणि वाटेत कुणाचं पाऊल आलं की त्यावर तो आपटायची. माझं पाऊल तिला जास्त सापडायचं. लागायचं. मी खाली बघायचो, तर ती हसायची आणि हात वर करायची, घे म्हणून. मी घेत नव्हतो. "बाबांना किती काळजी बघ," बायको सूनबाईला म्हणायची, "हातसुद्धा लावत नाहीत, दुखेल म्हणून."

खाई त्याला खवखवे म्हणतात. मला जेवण जाईना. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं. पण चहाच्या वेळी पेपर यायचा, दुपारी वामकुक्षी असायची आणि संध्याकाळी काकू यायच्या. सांगितलं तर माझं काय होणार होतं? काही नाही. कुणी मला नोकरीवरून काढणार नव्हतं. फक्त डोळ्यांत तेल घातलेला माणूस म्हणून घरात जो मान होता तो गेला असता, आणि तेवढ्यासाठी मी गप्प होतो. एवढीच माझी किंमत, हे मला त्या तीन आठवड्यांत कळलं.

सूनबाई त्या दिवसापासून रजेवरच होती. लॅबच्या मालकाचा निरोप आला की सोमवारी आलीस तर विभाग तुझा, नाहीतर दुसरी कुणी बघतो. "नोकऱ्या काय, छप्पन्न मिळतील," चिरंजीव म्हणाले. "पोरीचा पाय एकच आहे." पाय दोन असतात, पण कुणी बोललं नाही.

आदल्या दिवशी, रविवारी, जेवणाच्या टेबलावर सूनबाईने राजीनाम्याचा कागद आणला. "बाबा, तुमची भाषा चांगली आहे. एवढं वाक्य बरोबर आहे का बघता?"

मी चष्मा लावला. तिने लिहिलं होतं, 'माझ्या मुलीच्या अपघातास माझा निष्काळजीपणा कारणीभूत असल्याने मी यापुढे घराबाहेर काम करणे योग्य ठरणार नाही.' खाली सही.

वाक्य माझं होतं. ते माझ्या वहीतून तिच्या डोक्यात गेलं होतं आणि तिला ते पटलं होतं. कारखान्यात एकाची उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. त्याने असल्याच वाक्याखाली डाव्या हाताने सही केली होती आणि वर मला म्हणाला होता, "साहेब, वाकडी आली, चालेल ना?" मी म्हणालो होतो, चालेल. मला एकदम त्याचा चेहरा आठवला आणि स्वतःची किळस आली.

"हिचा पाय पलंगावरून पडून मोडलेला नाही," मी म्हणालो. "मी हिला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून घसरलो. तिथे पाय मोडला. मी सांगितलं नाही."

चिरंजिवांनी हातातला घास ताटात ठेवला. "बाबा," ते म्हणाले, "सुनेसाठी तुम्ही एवढं…"

"एवढं काय?"

"कळतं हो आम्हाला. तिची नोकरी राहावी म्हणून सगळं स्वतःच्या अंगावर घेताय."

"असेच आहेत हे," बायको पदराने डोळे टिपत म्हणाली. "पहिल्यापासून देवमाणूस."

"अरे, मी खरं सांगतोय!" मी टेबलावर हात आपटला. "मी बसलो होतो घसरगुंडीवर!"

"बाबा, तुम्ही साध्या स्टुलावरसुद्धा कुणाला चढू देत नाही," चिरंजीव हसले. "तुम्ही घसरगुंडीवर बसाल?"

आयुष्यभर कमावलेली अब्रू अशी कामाला आली. खोटं न बोलता तीन आठवडे खपून गेलं आणि खरं बोललो तर देव झालो. चिरंजिवांनी माझ्या ताटात आग्रहाने आणखी भात वाढला.

सूनबाई तेवढी माझ्याकडे बघत होती. तिने हळू आवाजात विचारलं, "बाबा, तिच्या पायात काय होतं?"

"सँडल. रबरी तळाची. डावी कडेला चिकटली. मधेच एक आवाज आला, कट्टकन. मला वाटलं, सँडलचाच असेल."

"आणि मला काय सांगितलंत?"

"झोप आली असेल."

तिने कागद माझ्या हातातून घेतला. आता ही ओरडेल, असं मला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. पण तिचा आवाज अगदी खाली गेला. "मी रोज तो फोन आठवते, बाबा. रोज. चार मिनिटं अकरा सेकंद. मी तिला पुन्हा गादीवर एकटी सोडलेली नाही. संडासला जाताना बरोबर नेते तिला." मग ती उठून पोरीला भरवायला गेली. मला त्या वेळी लाज वाटली, नुसती लाज, तिला दुसरा शब्द नाही.

सोमवारी सकाळी साडेआठला ती कामाचे कपडे घालून बाहेर आली. खांद्याला पिशवी होती. ठमाबाईला तिने प्लास्टरसकट उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"मी लॅबमध्ये जातेय. सहाला येते. आज बाबा बघतील हिला."

"बाबा?" चिरंजीव दाढी अर्धी टाकून आले. "अगं, त्यांना कसं झेपेल?"

"का नाही? त्यांच्या हातून काहीच झालेलं नाही ना? तुम्हीच म्हणालात काल. दोघंही म्हणालात."

"ते ठीक आहे गं, पण…" चिरंजिवांच्या हनुवटीवरून साबणाचा फेस खाली पडला.

"मग झालं तर," सूनबाई म्हणाली आणि चपला घालायला वाकली.

बायको स्वयंपाकघरातून तरातरा आली. "अगं, वेडी आहेस का? यांच्या भरवशावर पोर ठेवतेस? यांनीच तर तिला घसरगुंडीवर नेऊन पाय मोडला! त्या दिवशीची पँट मीच धुतली ना यांची! बुडाला सगळा गंज लागलेला, दोन वेळा घासला तरी निघेना!"

बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. तिने पदर तोंडाशी नेला, पण आता उशीर झाला होता. चिरंजिवांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बायकोकडे पाहत राहिलो. एकवीस दिवस ती माझ्यासमोर बसून सूनबाईला विचारत होती, "रात्री बघितलंस ना गं?"

सूनबाईने शांतपणे दुसरी चप्पल घातली. "प्लास्टर भिजू देऊ नका, बाबा," ती म्हणाली. "लंगोट कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहेत." सासूशी ती एक अक्षर बोलली नाही. नवऱ्याशीही नाही. दार तिने हळूच ओढून घेतलं.

घरात आम्ही तीन मोठी माणसं उरलो आणि बोल लावायला हाताशी कुणीच नव्हतं. बायको पंख्याकडे बघत होती. चिरंजीव हनुवटीवरचा फेस पुसत होते. तेवढ्यात माझी मांडी गरम झाली आणि ओल खाली उतरायला लागली. मी बायकोला हाक मारली, मग चिरंजिवांना. दोघांपैकी कुणी जागचं हललं नाही. मग मी पोरीला छातीशी धरलं, प्लास्टरखाली हात घातला आणि तो खालचा कप्पा शोधायला निघालो.