जास्मीनचा कॅरम

“राणी घेतलीस, पन कव्हर कोन करनार? तुझा मियाँ मस्कतवरनं येनार काय? ठेव ती परत मध्ये!”

शहाबानोंनी सुनेला असं सुनावलं आणि तेवढ्यात ओढणीच्या टोकाने आपली एक सोंगटी भोकाकडे ढकललीसुद्धा. जास्मीनने ते बरोबर टिपलं.

“अम्मी! चोरी!”

“वारा हाय वारा,” शहाबानो म्हणाल्या. दोघी पोट धरधरून हसल्या.

दुपारच्या नमाजानंतरचा हा तास जास्मीनचा जीव की प्राण होता. पनवेलपासून उलव्यापर्यंत नवऱ्या मुलींना मेंदी हवी ती जास्मीनचीच. पण प्रत्येकीला हवी जगावेगळी. “असं नको ताई, काहीतरी हटके!” रोज हटके आणायचं कुठून? डोकं पिळून टाकलेल्या मेंदीच्या कोनासारखं होऊन जाई. कॅरमवर मात्र कुणी काही मागत नव्हतं. सासू चोऱ्या करून जिंकायची, सून भांडून हरायची आणि हरून खूश असायची.

घोटाळा झाला तो पूर्वी नावाच्या एका नवरीच्या मेंदीला. त्या दिवशी डाव ऐन रंगात असताना जास्मीन उठून गेली होती. पूर्वीच्या तळहातावर कोन टेकवला आणि हात आपसूक चालत राहिला. थोड्या वेळाने पाहते तर काय, मधोमध गोल, त्यात दाटीवाटीने बसलेल्या सोंगट्या आणि चार कोपऱ्यांत चार बाण! जास्मीन पुसायला फडकं शोधू लागली.

“ताई, हा कॅरम आहे?” पूर्वी किंचाळली. “कसलं भारी! असं कोणाकडेच नसेल!”

फोटो मोबाइलवरून गावभर झाला आणि मग जी ती कॅरमच मागू लागली. जास्मीन हरखली. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, अशीच गत झाली होती.

पण दुपारी खेळायला बसली की तिची नजर सोंगट्यांवर ठरेना. या बाणाला वेल फुटली तर? राणीच्या जागी नवरीचं अक्षर घातलं तर? स्ट्रायकर तसाच बोटाखाली राहायचा.

एकदा शहाबानोंनी स्ट्रायकर बाजूला सारला.

“आत्ता तुझ्या डोळ्यांदेखत दोन सोंगट्या ढापल्या मी. बोल्ली नाय तू.”

जास्मीनने चमकून वर पाहिलं. तिला खरंच कळलं नव्हतं. डोळे भरून आले.

“अम्मी, हे पण कामच झालं हो आता.”

“मंग ऱ्हाऊ दे.” शहाबानोंनी बोर्ड उचलला आणि कपाटामागे सारून दिला. काही हळहळ नाही, काही नाही. बुरखा चढवून त्या बाजारात गेल्या आणि येताना दोन लाकडी भोवरे घेऊन आल्या, एक लाल, एक हिरवा.

“अल्ला! या वयात?”

“माझ्या भावांनी मला कदी हात लावू दिला नाय. चल गच्चीवर!”

गच्चीवर दोघींनी दोरी गुंडाळून भोवरे फेकले. जास्मीनचा आडवा पडून घरंगळत शेजारणीच्या वाळत घातलेल्या मिरच्यांत घुसला. शहाबानोंचा त्यांच्याच पायावर पडला. “या खुदा!” म्हणत त्या एका पायावर नाचल्या आणि जास्मीनला हसू आवरेना. इतकं हसून कितीतरी दिवस झाले होते.

तेवढ्यात फोन वाजला. उलव्याची नवरी होती.

“ताई, कॅरम सगळ्यांकडे झाला. ती आयडिया तुमच्या हॉबीवरून आली ना? सध्या काय करता हो फावल्या वेळात?”

जास्मीनने हातातल्या दोरीकडे पाहिलं. शहाबानोंनी डोळे वटारून ‘नाय, नाय’ अशी मान जोरजोरात हलवली.

“झोपते गं,” जास्मीन म्हणाली. “नुसती झोपते.”

फोन ठेवून तिने दोरी पुन्हा गुंडाळली, अम्मी सांगत होत्या तशी, म्हणजे साफ चुकीची. भोवरा याही वेळी आडवाच पडला. त्या दोघींना भोवरा फिरवता येत नाही, हे अख्ख्या पनवेलमध्ये कुणालाही ठाऊक नव्हतं.