उसातली सोळा पावलं

आष्ट्याच्या आप्पासोंचा ऊस किती उंच गेला होता हे खरं सांगितलं की ऐकणारा हातातला चहा खाली ठेवतो आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागतो. म्हणून मी चार हात कमी करूनच सांगतो. तारा दुरुस्त करायला आलेला वायरमन खांबाच्या टोकाला पोचला, त्याने मान वर करून उसाचा शेंडा बघितला आणि तसाच खाली उतरला. त्याच फडात एक बिबट्या शिरला होता. वनखात्याने पिंजरा लावला, आत शेळी बांधली. तिसऱ्या दिवशी बिबट्या आपल्या पायाने पिंजऱ्यात येऊन बसला. शेळीला त्याने तोंड लावलं नाही. त्याला फक्त बाहेर पडायचं होतं.

एवढा ऊस आला म्हटल्यावर श्रेय कुणाला तरी द्यावं लागतंच. आमच्या भागात बेवारशी श्रेय दोन दिवससुद्धा पडून राहत नाही. ते सूरजने उचललं. सूरज म्हणजे शेतीच्या औषधांचा फिरता विक्रेता. मोटारसायकलवर मागे खोकी बांधून हिंडायचा. त्याच्या बाटलीवर वाघाचं चित्र होतं, म्हणून लोक तिला वाघाची बाटली म्हणत. आप्पासोंनी लागणीनंतर त्यातली एक बाटली घेऊन फडावर एकदा फवारली होती, तीही सूरज उठायचं नाव घेईना म्हणून. ऊस डोक्यावर गेल्यावर सूरजने रस्त्याच्या कडेला भला मोठा बोर्ड उभा केला. एका बाजूला हाताची घडी घातलेले आप्पासो, दुसऱ्या बाजूला आप्पासोंपेक्षा उंच बाटली, खाली उसाची जात, लागणीची तारीख, आणि ‘मार्गदर्शक’ म्हणून सूरजचं नाव. येणारी-जाणारी माणसं थांबून बोर्ड वाचत आणि जाताना बाटली घेऊन जात.

बोर्डावर मेंढरं नव्हती.

खरं तर लागणीच्या आधी, वैशाखात, त्या रानात बयाबाईची मेंढरं बसली होती. बयाबाई जतकडच्या कोरड्या भागातली. दिवाळी झाली की दीडशे मेंढरं, दोन घोडी, मुलगा दादासो आणि सून पल्लवी यांना घेऊन ती नदीकाठच्या गावांकडे चालत यायची. शेतकरी रिकाम्या रानात तिची मेंढरं रात्रीची बसवून घेत. लेंडीमुताने रान सुधारायचं आणि त्याबद्दल बयाबाईला धान्य मिळायचं. मेंढरांभोवती दोरीच्या जाळीचं कुंपण लावायचं, त्याला वाघर म्हणतात. बयाबाईची वाघर चारी अंगांनी सोळा पावलांची. आज या चौकोनात, उद्या शेजारच्या, असं करत अख्खं रान फिरून व्हायचं.

आप्पासोंच्या रानात अर्धं काम झालं आणि पल्लवीच्या पोटात कळा सुरू झाल्या. फोन करून अँब्युलन्स बोलावली, पण बाळाला तेवढा दम नव्हता. आप्पासोंची बायको सुलाबाई गरम पाण्याचं पातेलं घेऊन बांधावरून पळत आली आणि मुलगा तिच्याच हातात आला. नाव ठेवलं बिरदेव. नाळ तिथंच त्यांच्या राहायच्या पालात पुरली. बयाबाईच्या घरची चाल अशी, की नाळ पुरली त्या जागेवर जनावर बसवायचं नाही. बारा दिवस पाल तिथं राहिलं, वाघर त्याच्या भोवतीने फिरली, आणि तो एक चौकोन सुटला. पाल उठल्यावर आप्पासोंनी रान नांगरलं आणि आषाढात ऊस लावला.

नंतरची कथा सगळ्यांना माहीत आहे, फक्त त्या बोर्डाप्रमाणे.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर बयाबाई खाली उतरली तेव्हा तिला कुणी रान देईना. गेल्या वर्षीपर्यंत जे शेतकरी तिला वाटेत गाठून आपला नंबर लावत, ते आता गाडी न थांबवता बोलत.

“मेंढरं कशाला, मावशी? बाटली हाय की आता.”

“बाटली लेंडी टाकती व्हय रं?” बयाबाईने विचारलं.

“लेंडी न्हाई टाकत, आन शेंगाबी खात न्हाई.”

चार दिवस मेंढरं रस्त्याच्या कडेला बसली. रस्त्याच्या कडेला बसलेल्या मेंढराचं कुणी धान्य देत नाही. दादासो आईला म्हणाला, “आणिक आठ दिवस बघू. न्हाईतर निम्मी काढू बाजारात, मी जातो टेम्पोवर.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच बयाबाईला ते जास्त लागलं. निम्मी गेली की उरलेल्या निम्म्यांसाठी जतवरून कुणी चालत येत नाही.

ती सरळ आप्पासोंच्या ओसरीवर जाऊन बसली.

“आवं आप्पासो, तुमच्या उसाचं मला काय बी नको. चार लोकांत एकडाव म्हना, की या रानात मेंढरं बसली हुती. तुमच्या तोंडचं मानत्यात लोक.”

“म्हनतो की! मी कुठं न्हाई म्हनलोय?” आप्पासो अडकित्ता शोधायला लागले. “पर आता बक्षिसाचं चाललंय. कागद गेलेत वर. मधीच मेंढरं घुसली तर बरं दिसत न्हाई. बक्षीस होऊ दे, मग सांगतो.”

“बक्षीस हुईस्तवर माझी मेंढरं खाटकाकडं जातील.”

“तसं कसं हुईल, मावशी? तुमी बी लय लांबचा इचार करता.”

आतून सुलाबाईचा आवाज आला, “लांबचा न्हवं, आठ दिवसांचा हाय. तिचा ल्योक काय म्हनला ते सांगितलंय मला.” आप्पासोंना अडकित्ता सापडला आणि ते सुपारी कातरायला लागले.

बक्षीस मोठं होतं. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांतल्या वजनदार मंडळींनी मिळून ते काढलं होतं. ढाल, फेटा, शाल आणि प्रत्यक्ष फडात कार्यक्रम. सूरजने त्यासाठी ड्रोन आणून उसावरून उडवला आणि चित्रफीत आधी स्टेटसला टाकली, मग स्वतः बघितली. हिरव्यागार फडाच्या मधोमध एक चौकोनी खड्डा दिसत होता. जवळ जाऊन बघितलं तर खड्डा नव्हे, ऊसच होता, पण माणसाच्या छातीएवढा. चारी बाजूंनी ताडासारखा ऊस आणि मध्ये ही खोली.

“काका, हे भोक कसलं?” सूरज घाबरला.

“जमीनच तसली आसंल,” आप्पासो म्हणाले. त्यांना आठवलं नव्हतं असं नाही. आठवायची सवय मोडली होती.

झाकायचा विचार होता, पण स्टेटस तोवर सांगलीच्या विश्रामबागपर्यंत पोचलं होतं. तिथल्या एका कॉलेजात अंजना मॅडम मातीचा विषय शिकवत. परीक्षक मंडळात त्यांचंही नाव होतं. उंच ऊस त्यांनी पुष्कळ बघितला होता. त्या चौकोनासाठी आल्या. फडात शिरल्या, चौकोनात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हा तुकडा तुम्ही तुलनेसाठी मुद्दाम सोडलात का?”

आप्पासोंनी सूरजकडे बघितलं. सूरजने आप्पासोंकडे.

“व्हय,” आप्पासो म्हणाले. “तुलनेसाठीच.”

“इथं आमचं औषध मारलंच नाही, मॅडम!” सूरजला तेवढ्यात सुचलं. “बाकी सगळीकडं मारलं. फरक तुमच्यासमोर आहे.”

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. दोन दिवसांत बातमी आली, की आष्ट्याचा शेतकरी नुसता ऊस लावत नाही, प्रयोग करतो. बक्षिसाच्या नावात ‘वैज्ञानिक दृष्टी’ असे दोन शब्द वाढले. त्या आठवड्यात वाघाच्या बाटल्या इतक्या गेल्या की सूरजला कराडहून टेम्पो मागवावा लागला. बिरदेवची नाळ जिथं पुरली तो तुकडा आता बाटलीचा साक्षीदार झाला होता.

कार्यक्रमाच्या दिवशी फडाच्या कडेला मांडव, मोठमोठे स्पीकर, पाचपन्नास गाड्या. सत्कार व्हायच्या आधी पाहुण्यांची फडात फेरी निघाली. चौकोनापर्यंत वाट तोडली होती. पाहुणे आत पोचले तेव्हा बयाबाई आधीच तिथं बसलेली होती. कडेवर बिरदेव, शेजारी दोरीच्या जाळीचा ढीग.

“मावशी, आता न्हाई,” आप्पासो दबक्या आवाजात म्हणाले. “मागनं बोलू.”

“मी कुठं बोलतीया? नातवाला त्याची जागा दावाय आणलंय.”

अंजना मॅडम वाकून चौकोनाची कड बघत होत्या. “आप्पासो, एक सांगा. फवारा वाऱ्यावर उडतो. थोडा इकडे, थोडा तिकडे. मग ही कड सुरीने कापल्यासारखी कशी?”

“मी सावकाश मारलं,” आप्पासो म्हणाले.

“आणि माप काय धरलंत?”

आप्पासोंनी घाम पुसला. “अंदाजानं.”

“सोळा पावलं,” बयाबाई म्हणाली. “हिकडनं बी सोळा, तिकडनं बी.”

मॅडम चालून बघायला निघाल्या. बयाबाई म्हणाली, “तुमची पावलं बारकी, बाई. चुकंल.” तिने बिरदेवला पाहुण्यांबरोबर आलेल्या सुलाबाईच्या हातात दिलं, दादासोला हाक मारली, आणि दोघांनी वाघर उलगडली. पहिली मेख एका कोपऱ्यात उभी केली, जाळी ओढत गेले, दुसरी मेख दुसऱ्या कोपऱ्यात, तिसरी तिसऱ्यात. चौथी मेख चौथ्यात, आणि जाळीचं टोक पहिल्या मेखेला येऊन भिडलं. ना वीतभर जाळी उरली, ना वीतभर जागा. चारी बाजूंनी उंच ऊस जाळीला घासत उभा होता.

सूरज म्हणाला, “योगायोग आहे हा.”

“व्हय,” सुलाबाई म्हणाली. तिच्या खांद्यावर बिरदेव झोपायला आला होता. “आणि ह्यो बी योगायोगानंच हितं जल्मला. पाणी म्या तापवलं हुतं. आवं, तुमी सांगता का मी सांगू?”

आप्पासो खिशात अडकित्ता शोधायला लागले. सुलाबाईने सांगितलं: पाल, नाळ, बारा दिवस, भोवतीने फिरलेली वाघर. तिला सांगायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मॅडमनी खुरपं मागून घेतलं होतं. जाळीच्या बाहेर चार ठिकाणी माती उकरली. प्रत्येक ठिकाणी लोकरीचे पुंजके निघाले, मळकट, मातीत मुरलेले. जाळीच्या आत चार ठिकाणी उकरलं. नुसती माती.

“औषध दोन्हीकडे मारलं होतं ना?” मॅडमनी आप्पासोंना विचारलं. आवाजात चिडचिड नव्हती, वहीत रकाना भरायचा राहिला होता म्हणून विचारलं.

“दोन्हीकडं,” आप्पासो म्हणाले. “एकच बाटली हुती, पण सगळीकडं मारली.”

मॅडमनी आधीचं पान खोडलं आणि पुढच्या पानावर लिहायला लागल्या. “मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा.”

“कशाला? दंड हाय का काय?”

“मी यावर लेख लिहिणार आहे. त्यात नाव घालायला.”

“घाला मग. पर वाघरीचं बी घाला. वाघर माझ्या सासूनं वळलीया.”

त्यानंतर सत्कार झाला. म्हणजे ठरल्याप्रमाणेच झाला. ढालीवर आप्पासोंचं नाव आधीच कोरलेलं होतं, प्रमुख पाहुणे फडात गेले नव्हते आणि त्यांचं भाषण चार दिवसांपूर्वीच टाइप झालेलं होतं. वैज्ञानिक दृष्टीवर ते पाऊण तास बोलले. मांडवात ऐकायला फक्त पहिल्या दोन रांगा होत्या, कारण बाकीचे बांधावर बयाबाईभोवती जमले होते. परवा गाडी न थांबवणारा शेतकरी सगळ्यांत पुढे होता.

“मावशी, माझं दोन एकर रिकामं हाय. उद्याच या.”

“बाटली मारा की.”

“आता तुमी बी टोमणं मारताय व्हय!”

हशा पिकला. बयाबाईकडे वही नव्हती. कुणाला संक्रांत दिली, कुणाला म्हाई, कुणाला शिमगा, कुणाला पाडव्याची पुढची अमावस्या. माणूस आणि सण, दोन्ही तोंडपाठ. जोराच्या टाळ्या ऐकू आल्या तेव्हा चैत्र भरला होता. दादासो त्या दिवशी पहिल्यांदाच बोलला, “आये, वैशाख आपल्याला जायाला ठेव.”

फेटा बांधलेले, शाल पांघरलेले, ढाल काखेत धरलेले आप्पासो बांधावर आले तेव्हा गर्दी पांगली होती.

“मावशी, ह्यो ऊस फाल्गुनात तुटंल. मग रान मोकळंच. आमचा नंबर कितवा?”

“तुमचा न्हाई लागला.”

“असं करू नगासा. हे बघा, ढाल तुमी घ्या पायजे तर.”

“ढाल घिऊन काय करू, तिच्यात मेंढरं बसत्यात व्हय?” बयाबाई वाघर गुंडाळत होती. “कडेगाव, विटा, तिकडं बी बाटली पोचलीया. तिथली रानं गेली माझी. येत्या बाजाराला कडेगावला चला माझ्यासंगं. ह्योच फेटा बांधून. आन जे हितं सुलाबाईनं सांगितलं ते तिथं तुमी सांगा.”

“फेटा बांधून? बाजारात?”

“तुमच्या तोंडचं मानत्यात लोक.”

आणि आप्पासो गेले. हे मी ऐकीव सांगत नाही. त्यांच्याच जीपमध्ये मागे बसून मी गेलो होतो. कडेगावच्या बाजारात एका बाजूला मेंढरं, मध्ये फेटा बांधलेले आप्पासो, हातात ढाल. आधी त्यांनी उसाची उंची सांगितली. मग मेंढरं सांगितली. नाळेपर्यंत आले तेव्हा भाजीवाल्यांनीही तराजू खाली ठेवले होते. सांगून झालं तसे चार शेतकरी बयाबाईकडे तारीख मागायला आले. त्यातल्या एकाने सहज विचारलं, “आन ह्यांच्या रानात आता कवा बसवणार?”

आप्पासोंनी फेटा सारखा केला आणि कान दिला.

“त्यांचं अजून ठरलं न्हाई,” बयाबाई म्हणाली. “विटा हाय, खानापूर हाय. आणिक चार गावांत बोलू द्यात त्यांना.”