काढलेला कॅमेरा

मोबाईल दुरुस्तीच्या धंद्यात एक खोटं सगळेच बोलतात, मीही बोलतो. ‘ओरिजिनल आहे’ म्हणतो तेव्हा माल ओरिजिनलच असतो, फक्त नवा नसतो. घोडेगावात स्टँडसमोर माझं दुकान आहे. कुणाचा फोन कायमचा बंद पडला की त्यातले चांगले भाग काढून मी छोट्या डब्यांत ठेवतो आणि प्रत्येक डबीत चिठ्ठी टाकतो : कुणाच्या फोनातलं, कधी काढलं. या शिस्तीचं मला स्वतःलाच फार कौतुक होतं.

होळीच्या आदल्या दिवशी तळेघरच्या गोजरबाई दुकानात आल्या. त्यांचे मालक गेणभाऊ, भात-नाचणी करणारा साधा माणूस, आठ दिवसांपासून कोठडीत होता. दिवाळीत खाली नदीकाठच्या उसात एक बिबट्या फासकीत अडकला होता. चौघांनी तोंडाला फडकी बांधून त्याला काठ्यांनी डिवचून डिवचून मारला आणि पाचव्यानं त्याचं शूटिंग केलं. तीन महिन्यांनी तो व्हिडिओ ग्रुपवर फिरायला लागला. मी तो पाहिला होता आणि त्या रात्री मला जेवण गेलं नव्हतं.

ज्यांच्याकडे व्हिडिओ सापडला त्यांचे फोन वनखात्यानं तपासणीला पाठवले. प्रत्येक कॅमेऱ्याच्या चित्रात डोळ्यांना न दिसणारे बारीक दोष असतात म्हणे, एका कॅमेऱ्याचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. व्हिडिओतले दोष गेणभाऊंच्या फोनच्या कॅमेऱ्याशी तंतोतंत जुळले.

गोजरबाई काउंटरला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, “भाऊ, आमच्या मानसानं आजून जवळून बिबट्या पायला न्हाई. संक्रातीला फोन दोन दिस तुमच्याकडं व्हता. साहेबाला येवढं सांगा, बाकी काय नको.”

उद्या येतो म्हणून मी त्यांना लावून दिलं. फोन दगडावर आपटून कॅमेरा फुटला होता, म्हणून गेणभाऊंनी तो आणला होता, न्यायला गोजरबाईही बरोबर होत्या, हे मला चांगलं आठवत होतं. मी दुसरा बसवला होता. रिकामी डबी शोधायला मला फार वेळ लागला नाही. चिठ्ठी आतच होती, माझ्याच अक्षरात : ‘सोपान. विहिरीत पडला. कॅमेरा चांगला. ९ डिसेंबर.’

सोपान माझा धाकटा भाऊ.

संध्याकाळी त्याला गोठ्यामागं गाठला. आधी नाही नाही म्हणाला. मी थोबाडीत दिली तेव्हा खाली बसला. “दादा, म्या काठी लावली नाय. नुसतं शूटिंग केलं.” नुसतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण वैशाखात त्याचं लग्न ठरलं होतं, आणि वडील गेल्यावर त्याला मीच वाढवला होता. तोंड तेच होतं, लहानपणी काही सांडलं की करायचा तसलं.

वाट त्यानंच काढली. कॅमेरा पुण्याहून आणलेल्या जुन्या मालातला होता, कुणाचा ते माहीत नाही, असं मी सांगायचं. गेणभाऊ सुटतील आणि घरातलं घरात राहील. खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. चिठ्ठी जाळून टाक म्हणाला. जाळली असं सांगून मी ती शर्टाच्या खिशात ठेवली. का ठेवली ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या ऑफिसला त्यानंच मला मोटारसायकलवर सोडलं. लवकर आटप म्हणाला.

आत बाकावर गोजरबाई बसल्या होत्या, पायाशी तांदळाची पिशवी. माझ्यासाठी आणली होती. मी ठरल्याप्रमाणे साहेबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. जुना कॅमेरा बसवला असं कुणीही म्हणेल, म्हणाले. तो मुळात कुणाच्या फोनातला होता ते दाखवा, तो फोन दाखवा, तर गेणभाऊंचा विचार करता येईल. मालातला होता म्हणून नाही भागत.

मला वाटलं, झालं, मी माझं सांगितलं. उठायलाही लागलो.

तेवढ्यात गोजरबाई पुढं आल्या. साहेबांना म्हणाल्या, “भाऊ समदं लिवून ठेवत्यात. संक्रातीला माझ्यासमोर डबी उघडली व्हती, आत चिठ्ठी व्हती. म्या पायलीया.” मग माझ्याकडं वळून, अगदी विश्वासानं म्हणाल्या, “घरी ऱ्हायली का, भाऊ? म्या थांबते. घिऊन या.”

त्यांनी मला खोटं पाडलं नव्हतं. मी विसरलो असेन असंच त्यांना वाटत होतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. मेलेला फोनही दुकानात आहे म्हणालो. साहेबांनी ती दोनदा वाचली.

“हा सोपान कोण?”

खिडकीतून फाटक दिसत होतं. सोपान मोटारसायकल चालू ठेवूनच बसला होता. मला बघून त्यानं हात वर केला.

“माझा भाऊ,” मी म्हणालो. “बाहेर थांबलाय.”