तडा माझ्या पोटात जाऊ दे!

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी साचा आहे. चार हातांचा! चारही हात कमी-जास्त लांबीचे, प्रत्येकाच्या टोकाला एक गोल खळगा. माझ्यातून भांडं निघत नाही, चाकही निघत नाही. निघतं ते फक्त खरं: धातू टिकेल की फाटेल. वितळलेलं ॲल्युमिनियम माझ्यात ओततात. थिजताना ते आकसतं, पण टोकाचे गोळे खळग्यांत अडकलेले! मग अर्धवट थिजलेला धातू ताणला जातो. मिश्रण नाजूक असेल तर फाटलंच समजा, आणि लांब हातातला धातू आधी फाटतो.

नवा होतो तेव्हा केवढा माझा तोरा! मग कारखान्याच्या मुकादमांच्या तावडीत सापडलो. त्यांना धीर म्हणून नाही. धातू जरा थिजू लागला की मला उघडायचे. ताणच बसला नाही तर तडा जाईल कुठून? "बघा, एक रेघ नाही!" म्हणत कारखानाभर मिरवायचे. जुनं मिश्रण गुणी, म्हणून निभावलं. पुढे तर मला दाराला टेकण म्हणून ठेवलं. येईल तो लाथ मारून जाई. राग येणार नाही तर काय!

मग मुकादमांची लेक इंजिनिअर होऊन त्याच कारखान्यात आली. शाळेच्या बसची चाकं ओतायची होती, नव्या मिश्रणाची. तिने संगणकावर गणित मांडलं आणि मला दारातून उचललं.

"बाबा, लांब दोन हात फाटतील. आखूड दोन टिकतील."

"अगं ए भविष्यवाली! या साच्यात आजवर एक तडा गेलेला नाही."

"जाईल कसा? तुम्ही लगेच उघडता. आज पूर्ण थिजेपर्यंत हात लावायचा नाही."

"आणि नाही फाटले तर?"

"तर ओता चाकं. मी गप्प बसेन."

"तू आणि गप्प!"

धातू ओतला. अहाहा, काय ती धग! मुकादमांचा हात माझ्या कडीकडे गेला. "बाबा!" हात मागे. पुन्हा गेला. "बाबा!!" शेवटी त्यांनी दोन्ही हात काखेत दाबून धरले. इकडे माझ्या पोटात धातू आकसत होता, ताणत होता, आणि फाटला! एक लांब हात, पाठोपाठ दुसरा! मला तर नाचावंसं वाटलं.

मला उघडलं. मुकादमांनी दोन्ही तड्यांवरून नख फिरवलं. मग असे ओरडले की भट्टीवाले दचकले, "चाकं थांबवा!"

लेकीने मिश्रणात तड्यांना आवर घालणारं सिलिकॉन वाढवलं. पुन्हा ओतलं. आता तीच कडीकडे सरकली, तर मुकादम खेकसले, "थांब गं! घाई कसली?"

चारही हात अखंड निघाले!

मित्रांनो, मला कोरडा ठेवा, गंजू देऊ नका, दाराला तर मुळीच लावू नका. पण सगळ्यात आधी, मला उघडायची घाई करू नका. मला शाबासकी नको. तडा जायचाच असेल तर माझ्या पोटात जाऊ दे. तुमच्या बसच्या चाकात नको.