टोपड्याची सातवी ओळ

नणंदेच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नणंद स्वतःच होती. हसरा चेहरा, मांडीवर पांढरं दुपटं आणि क्रोशाची सुई अशी मुठीत आवळलेली, की आता तिने कुठल्यातरी डब्याचं झाकण उचकटायचं आहे. आत वीस नमुने होते. बाळाची टोपडी, मोजे, दुपटी, उशांचे अभ्रे, टेबलावरचे रुमाल. वीसच्या वीस मामीचे.

मामी म्हणजे नणंदेच्या धाकट्या भावाची बायको. अकरा वर्षं तिने एक वही जपली होती. आधी विणायचं, मग उसवायचं, परत विणायचं, आणि तीनदा सारखंच उतरलं तरच वहीत लिहायचं. "जरा बघायला नेते गं," म्हणून नणंदेने ती वही नेली, ती आठ महिन्यांनी परत आली आणि तिच्या पाठोपाठ पुस्तक आलं. आभाराच्या पानावर लोकरीच्या दुकानातल्या मांजराचंसुद्धा नाव होतं. मामीचं नव्हतं.

नवरा म्हणाला, घरातल्या घरात कसलं तुझं-माझं. स्वतःची छत्री कुणी नेली तर तीन दिवस घर डोक्यावर घेणारा माणूस तो! मामी मूग गिळून बसली, तसं सगळ्यांनी तिच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. मन मोठं नव्हतंच. तिला फक्त वेळ हवा होता.

तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. नणंद लोकर विकायची, प्रत्येक रंगाचा नंबर तिला तोंडपाठ, पण सुरुवातीच्या साखळीपुढे तिची सुई कधी गेली नव्हती. विणणारी बाई नमुना उतरवून घेताना आधी एक तुकडा विणून बघते. नणंद बघणार नव्हती. आयत्या बिळावरच्या नागोबाला बीळ कसं खणलंय याच्याशी काय देणंघेणं?

म्हणून मामीने दुसरी वही केली. त्यात पहिल्या वहीत नसलेले नमुने लिहिले, सगळे खरे, एक सोडून. तो एक म्हणजे तिचं सगळ्यांत जुनं टोपडं. मधोमध बारा खांबांचं, म्हणजे उभ्या टाक्यांचं, वर्तुळ, दर ओळीला बारा वाढवत सहाव्या ओळीला बहात्तर, आणि सातव्या ओळीपासून वाढवणं बंद, सरळ विणत खाली यायचं, की बाळाच्या डोक्याला हवा तसा खोलगटपणा येतो. मामीने लिहिलं, "सातव्या ओळीत एकाआड एक घरात दोन खांब." बहात्तरांचे झाले एकशे आठ. कागदावर आकडे चोख जुळत होते. विणल्यावर मात्र टोपड्याला कडेकडेने झालर सुटणार होती, आणि ते कुणाच्याच डोक्यावर बसणार नव्हतं. मध्येच कुणी थांबू नये म्हणून तिने खाली एक ओळ जोडली, "सुरुवातीला झालर दिसेल, घाबरू नये. शेवटी आवळून बसते." ही ओळ लिहिताना तिला इतकं बरं वाटलं, की तिने ती दोनदा वाचली.

मग एके दुपारी नणंद येणार म्हणून वही जेवणाच्या टेबलावर राहून गेली. मामी चहा टाकायला आत गेली आणि चहा उतू जाईपर्यंत बाहेर आली नाही. तेवढ्यात नणंदेने फोनवर पानन् पान उतरवून घेतलं.

दुसरं पुस्तक चार महिन्यांत निघालं. टोपड्याचा नमुना पहिल्याच पानावर होता. त्यासोबत नणंदेने जाहीर केलं, की पुस्तक घेणाऱ्या प्रत्येकीने हे टोपडं विणून आणायचं, आणि दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये मेळावा भरवून शंभर टोपडी प्रसूतिगृहाला द्यायची. मामीने हे ऐकलं आणि त्या दिवशी तिला जेवणही गोड लागलं.

फक्त एक गोष्ट तिच्या हिशेबात नव्हती. नणंदेच्या मुलीला दिवस गेले होते.

ही भाची लहानपणी लोकरीचे तुकडे गोळा करून उशीखाली लपवायची, म्हणून सगळे तिला खारू म्हणत. मामीचं ते सगळ्यांत जुनं टोपडं खारूच्या जन्माच्या वेळीच केलेलं. खारूला सुई धरायला शिकवली तीही मामीनेच. सातव्या महिन्यात खारू एक पिशवी घेऊन आली आणि त्यातून पिवळं टोपडं काढलं. सगळीकडून झालरी फुटलेल्या.

"मामी, माझंच काहीतरी चुकतंय," ती म्हणाली. "दोनदा उसवलं."

एक शब्द पुरला असता. मेळाव्याला तीन आठवडे उरले होते. खारूला सांगितलं असतं, तर संध्याकाळच्या आत तिच्या आईला कळलं असतं. मामीने टोपडं हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि म्हणाली, "घट्ट विणतेस. हात सैल सोड."

दहा दिवसांनी खारू पुन्हा आली. हात सैल सोडून झाला होता, सुई बदलून झाली होती, चौथ्यांदा उसवून झालं होतं. उसवून उसवून लोकर पिंजल्यासारखी झालेली. "एवढंसं टोपडं जमत नाही, मला बाळ काय जमणार," असं ती हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते. सुक्याबरोबर ओलंही जळतं, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि परत हाताच्या सैलपणावरच बोलली.

मेळाव्याला हॉल भरला. बायकांनी पिशव्या उघडल्या आणि टेबलावर फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखी टोपडी रचली गेली. आधी जी ती आपलं लपवत होती. मग शेजारणीचंही तसंच बघून आवाज चढले. पुढच्या रांगेतल्या एका निवृत्त नर्सबाईंनी आपलं टोपडं उंच धरून विचारलं, की हे बाळाच्या डोक्यावर ठेवायचं की फुलदाणीखाली. मग त्यांनीच सुई आणि लोकर नणंदेपुढे ठेवली. तुम्हीच करून दाखवा.

नणंदेने सुई उचलली. मुठीत. साखळी घातली, आठ-दहा घरं झाली, आणि हात थांबला. मामी तिसऱ्या रांगेत बसून मन भरेपर्यंत बघत होती. असं सुख तिला लग्नातही झालं नव्हतं.

नणंदेचा चेहरा लालबुंद झाला. सुई खाली ठेवून तिने सरळ मामीकडे बोट केलं.

"हे नमुने माझे नाहीत. भावजयीचे आहेत, सगळे, पहिल्या पुस्तकातलेसुद्धा. चूक असेल तर तिची."

चोराच्या उलट्या बोंबा, पण बोंबेत कबुली होती, आणि तीही शंभर बायकांसमोर. मामी ह्याच वाक्यासाठी थांबली होती. ती उठली, पदर खोचला आणि शांतपणे म्हणाली, की हो, नमुने माझेच, आणि उतरवताना काय बिघडलंय तेही दाखवते. सगळ्यांत जवळ खारू बसली होती. मामीने तिच्या हातातलं पिवळं टोपडं घेतलं, धागा ओढला आणि सरसर उसवत नेलं. नेमकी सातवी ओळ सुटली तिथे थांबली. मग सरळ खांब घालत तीन ओळी विणल्या. टोपडं खोलगट झालं, वाटीसारखं हाताच्या मुठीवर बसलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. नर्सबाई म्हणाल्या, पुस्तकावर नाव ह्यांचं हवं. नणंद भिंतीकडे बघत होती.

टाळ्या विरल्यावर खारू हळूच म्हणाली, "मामी, तू ओळी मोजल्या नाहीस. थेट चुकीपाशीच थांबलीस."

मामीने तिच्याकडे बघितलं.

"मला पहिल्यांदाच वाटलं होतं, हा नमुना तुझा. म्हणून चारदा उसवलं. तुझं चुकत नाही, म्हणजे माझंच चुकलं." तिचा आवाज जराही चढला नाही. "घाबरू नये, असं लिहिलं होतंस तू."

खारू उठली, पोट सावरत पलीकडे गेली आणि आपल्या आईशेजारच्या खुर्चीवर बसली.

पुस्तकाची नवी आवृत्ती आली ती मामीच्या नावाने. नणंद आता समोर आली की नजर चुकवते, आणि मामीला त्याचा अजूनही आनंद होतो. नणंदेच्या बाबतीत तिला पश्चात्ताप नाही, तीळभरही नाही. पुन्हा वेळ आली तर ती पुन्हा तसंच लिहील.

खारूला मुलगी झाली. मामी बघायला गेली, तेव्हा बाळाच्या डोक्यावर विकतचं टोपडं होतं, मशीनवरचं, शिवण टोचेल असं. खारूने खुर्ची दिली, पाणी आणलं, तब्येतीची चौकशी केली. मामीने पिशवीतून नवं टोपडं काढलं. तिने ते तीनदा विणलं होतं आणि तीनदा सारखंच उतरलं होतं.

खारूने ते घेतलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि सातव्या ओळीचे खांब नखाने एकेक मोजायला लागली. बहात्तर भरले. मग ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.