गरम पाण्याचे पाहुणे

वीजघराचं काम एका परीने सरळ असतं. समुद्राचं थंड पाणी आत ओढायचं, यंत्रांच्या तापलेल्या अंगावरून फिरवायचं आणि कोमट झालं की कालव्यातून पुन्हा समुद्राला देऊन टाकायचं. त्या कालव्याच्या तोंडाशी पंपघर होतं आणि पंपघरात उभं आयुष्य काढलेले एक गृहस्थ होते. वसाहतीत त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे, सगळे बंबवाले म्हणत. कारण समुद्र गारठला की त्यांच्या कालव्याच्या तोंडाशी शार्क जमायचे, आणि भेटेल त्याला ते सांगायचे की हे मासे आमच्याकडे आंघोळीला येतात.

आता यातलं शार्क येणं शंभर टक्के खरं. पण खरी गोष्ट फोडणी न देता वाढायची म्हणजे बंबवाल्यांच्या जिवावर यायचं. मग एक शार्क जिन्याएवढा लांब व्हायचा. दुसरा कूस बदलून बदलून बगला शेकायचा. आणि एक म्हातारी मादी होती म्हणे, ती आधी शेपटीचं टोक बुडवून पाणी किती कढत आहे ते बघायची आणि फारच चटका बसला तर वर मान करून विसणाला गार पाणी मागायची. वसाहतीतली माणसं दर थंडीत कठड्याला रेलून शार्क बघून यायची, त्यामुळे ती या गोष्टींना हसायची आणि सोडून द्यायची.

हसत नव्हती ती एकच, बायकोची थोरली बहीण.

ही थोरली रेल्वेत तिकीट तपासनीस होती. निवृत्त झाली तरी नजर काही निवृत्त झाली नाही. तिने नुसतं बघितलं तरी माणूस खिसे चाचपायला लागायचा, मग तो स्वतःच्या घरात बनियनवर का बसलेला असेना. बंबवाल्यांचं लग्न ठरत होतं तेव्हा तिने त्यांची चार वाक्यं ऐकली आणि धाकटीला आत नेऊन सांगितलं की माणूस चांगला आहे, पण थापाड्या आहे, बोलेल त्यातलं निम्मं धरत जा. हे बंबवाल्यांनी दाराआडून ऐकलं होतं आणि तेव्हापासून ते त्यांच्या घशात काट्यासारखं अडकून बसलं होतं. बरं, थोरली यायची ती नेहमी उन्हाळ्याच्या सुट्टीत. उन्हाळ्यात सगळा समुद्रच ऊबदार, मग शार्क कशाला कालव्याशी येतील? ते किनाऱ्याने लांब लांब पांगलेले असायचे. त्यामुळे तिला दिसायचं काय, तर रिकामं पाणी आणि एखादी तरंगणारी बाटली. धाकटी शपथ घेऊन सांगायची की अगं मी बघितलेत, खरंच येतात. थोरली म्हणायची, नवऱ्याच्या थापेला बायकोची साक्ष.

या वर्षी मात्र ती पहिल्यांदाच थंडीच्या तोंडावर आली. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. धाकटीच्या मनात एकच होतं, की हिने आता इथेच राहावं. तिने परोपरीने विचारून बघितलं. थोरली हसून टाळायची. पाहुणी आठ दिवस गोड, नवव्या दिवशी ओझं, असा तिचा हिशोब. कुणाच्या दारात विनातिकीट बसायचं नाही, हे तिच्या रक्तातच होतं. आठ दिवस भरले तशी तिने बॅग आवरून दाराशी ठेवली.

चहाचा कप हातात, बस यायला अवकाश, आणि अशा वेळी बंबवाल्यांना राहवलं नाही. त्यांनी शार्कचा विषय काढला. थोरलीने कप खाली ठेवला.

"जावईबापू, इतकी वर्षं ऐकतेय. आता बघितल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

"खुशाल राहा," बंबवाले म्हणाले. "वारा फिरला की आलेच समजा."

तिने बॅग उचलून आत नेली. धाकटीने नवऱ्याकडे असं बघितलं, की लग्नात हार घालतानासुद्धा तिने त्यांच्याकडे तसं बघितलं नव्हतं.

रात्रीची भांडी विसळताना तिने त्यांना गाठलं. म्हणाली, अहो, तुमचे ते आंघोळवाले यंदा नाही आले तर नाही का चालायचं? बंबवाल्यांना आधी कळेचना. मग ती म्हणाली, ते आले की ती जाणार. इतकं साधं आहे. बंबवाले बिथरले. म्हणाले, म्हणजे मी जन्मभर थापाड्या म्हणवून घेऊ? उभ्या आयुष्यात एकदा ती बाई थंडीत हाती लागलीय. धाकटीने पातेलं गरजेपेक्षा जास्त घासलं.

पण समुद्रानेच धाकटीची बाजू घेतली. दिवस थंडीचे, पण थंडीचा पत्ता नाही. वारा समुद्रावरून यायचा, दमट आणि आळसावलेला. रात्री आभाळ भरून राहायचं, जसं काही पाण्यावर कुणी गोधडी टाकलीय. पंपघरात दोन तापमापक होते, एक आत येणाऱ्या पाण्याचा आणि एक बाहेर जाणाऱ्याचा. आत येणाऱ्याचा काटा ढिम्म हलत नव्हता.

थोरली रोज सकाळी शाल गुंडाळून त्यांच्याबरोबर कठड्यापर्यंत यायची. पाण्याकडे बघायची, मग बंबवाल्यांकडे बघायची. बंबवाले खिसे चाचपायचे. पहिल्या दिवशी त्यांनी लांबवर एक काळं टोक दाखवलं. ते लाकूड निघालं. दुसऱ्या दिवशी दाखवलं तो पाणकावळा निघाला, आणि उडून गेला तेव्हा थोरली म्हणाली, शार्कला पंख असतात हे नव्हतं सांगितलंत.

तेव्हा मात्र बंबवाल्यांनी फोडणी बाजूला ठेवली आणि तिला सरळ समजावलं. म्हणाले, ताई, आपल्या अंगात आपली शेगडी असते, या माशांच्या नसते. पाणी गार तर रक्त गार. रक्त गार झालं की चपळाई जाते, पोटातलं पचत नाही. म्हणून ते पाण्याची ऊब हुंगत हिंडतात. ऊब आणि भक्ष्य, या दोन दोऱ्यांवर त्यांचं वर्ष फिरतं. पावसाळ्यात नदीचं पाणी येऊन खाडीचं तोंड अळणी झालं की तिथून उठतात, मीठ पुरतं झालं की परत येतात. पिल्लं उन्हाळ्यात उथळ पाण्यात वाढतात, तिथे पाणी ऊनही असतं आणि मोठे दांडगे येत नाहीत. थंडी आली की बरेचसे खालच्या ऊबदार समुद्राकडे निघून जातात, आणि जे मागे राहतात ते आपल्या कालव्याशी येतात. पोटुशा माद्या तर हमखास, कारण उबेत पोटातली पिल्लं लवकर भरतात असं म्हणतात. पण यंदा सगळं घरच ऊबदार आहे, मग मोरीत कोण येऊन बसेल?

थोरलीने शाल घट्ट ओढून घेतली. मग तिने विचारलं, की वारा नक्की कुठून फिरायला हवा. बंबवाल्यांनी डोंगराच्या बाजूला हात केला. तिकडून कोरडा वारा सुटायला हवा आणि रात्री आभाळ निरभ्र हवं. मग उथळ पाणी रातोरात ऊब टाकतं.

त्या दिवसापासून ती कठड्यावर आली की आधी डोंगराकडे बघायची.

दिवस गेले. थोरली काही नुसती बसून राहणारी नव्हती. तिने खिडकीची करकरणारी बिजागरी वठणीवर आणली. भाजीवाल्याला धाक घातला, तो तेव्हापासून वजन करताना श्वास रोखून उभा राहायला लागला. दुपारी दोघी बहिणी पत्ते कुटायच्या. धाकटी लबाडी करायची आणि दर वेळी पकडली जायची, आणि पकडली गेली की दोघी इतक्या हसायच्या की बंबवाल्यांना रेडिओचा आवाज वाढवावा लागायचा. एका संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं, की रेडिओ कधीचा बंदच आहे आणि ते स्वयंपाकघरातलं ऐकत बसलेत. दोघी लहानपणीच्या कुठल्याशा मास्तरांची नक्कल करत होत्या. धाकटीचा तो आवाज त्यांनी इतक्या वर्षांत ऐकलाच नव्हता. लग्नाआधीचा आवाज होता तो. तो ती सासरी बरोबर घेऊन आलीच नव्हती, बहिणीकडे ठेवायला दिला होता.

आणि मग वारा फिरला.

डोंगराकडून कोरडा, बोचरा वारा सुटला. आभाळ धुतल्यासारखं झालं. आत येणाऱ्या पाण्याचा काटा रोज थोडा थोडा उतरायला लागला, बाहेर जाणारं पाणी सकाळच्या गारव्यात वाफाळायला लागलं. बंबवाले रोज घाईघाईने कठड्याशी जायचे. त्यातच थोरलीचे गुडघे धरले, ती म्हणाली मी दोन दिवस येत नाही, तुम्हीच बघून सांगा.

दुसऱ्याच सकाळी ते आले.

आधी पाण्यावरची वाफ हलली. मग वाफेतून पाठीवरचा एक राखाडी पर सरळ वर आला, शांतपणे वळला आणि गेला. त्याच्यामागे दुसरा. मग उजेड वाढला तसे पाण्याखालचे दिसायला लागले, कालव्याच्या तोंडाशी, जिथे कोमट पाणी समुद्रात मिसळतं नेमकं तिथे, एकामागून एक सावकाश फेऱ्या मारणारे. दोन माद्यांची पोटं टम्म होती. एक तर खरोखरच लांबलचक होती, जिन्याएवढी नाही, पण अर्ध्या जिन्याएवढी म्हणायला हरकत नव्हती. कुणाला घाई नव्हती, कुणाला कुणाची भीती नव्हती. गरम पाण्याखाली उभं राहिल्यावर माणसाचे खांदे जसे सैल पडतात, तसं त्यांचं सगळं अंग सैल पडलं होतं.

बंबवाल्यांचे डोळे भरून आले. म्हणजे वाफेमुळे, असं धरू. त्यांनी खिशातून फोन काढला. ताईंना रिक्षात घालून आणता येईल. ती कठड्याशी उभी राहील, बघेल, आणि जन्मात पहिल्यांदा म्हणेल, की जावईबापू, तुमचं खरं होतं. त्यांनी घरचा नंबर लावला. पलीकडे रिंग वाजली. धाकटीने उचलला, पण ती नीट बोलतच नव्हती, हसत होती. मागून थोरलीचा आवाज येत होता, की राणी लपव आता पदराखाली, मी बघत नाहीये.

"काय हो, बोला ना," धाकटी म्हणाली.

बंबवाल्यांनी कालव्याकडे बघितलं. लांबलचक मादी वळून परत येत होती.

"काही नाही," ते म्हणाले. "येताना पाव आणू का विचारायचं होतं."

संध्याकाळी पाव घेऊन घरी आले. चपला काढता काढताच म्हणाले, "आज नव्हते बरं का शार्क. एकही नाही."

थोरलीने चष्मा कपाळावर चढवला आणि त्यांच्याकडे बघितलं. ती तिची बघण्याची जुनी तऱ्हा होती, आख्ख्या डब्यातून एक माणूस हुडकून काढणारी. बंबवाले उभ्या जागी घामेजले. ज्या माणसाने साध्या लाकडाच्या ओंडक्याला शेपूट लावली होती, तो आज एवढं सुकं, बिनफोडणीचं बोलत होता, तेही कुणी विचारायच्या आधी.

"मी काही विचारलं का?" ती म्हणाली.

"नाही. आपलं सांगितलं."

थोरली बघत राहिली. तिच्या नजरेसमोर माना खाली घालणारे तिने हजारोंनी पाहिले असतील, पण तिच्यासाठी तिकीट काढून गप्प उभा राहिलेला कुणी पाहिला नसावा. तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला.

"बरं," ती म्हणाली. "नव्हते तर नव्हते. वाट बघावी लागेल."

धाकटीने पाव हातातून घेतला, आणि आत जाता जाता नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला, जसं काही कोटावरची धूळ झटकतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण जिन्यातूनच हाका मारत आली. शार्क आलेत, सगळी वसाहत कठड्यावर आहे, ताई, तुम्ही एवढी वाट बघत होतात, चला. बंबवाले आत आरशासमोर अर्धी दाढी करून उभे होते. वस्तरा हवेतच राहिला. त्यांना थोरलीचा आवाज ऐकू आला, ठणठणीत.

"अहो, लोक काय, काहीही बोलतात. आमचे जावईबापू पंपघरात असतात. ते म्हणाले नाहीत, म्हणजे नाहीत."

शेजारीण म्हणाली, अहो पण मी स्वतः आत्ता बघून आले. थोरली म्हणाली, असेल, पाणकावळा असेल, तो फार फसवतो. शेजारीण काही तरी पुटपुटत गेली. बंबवाल्यांनी उरलेली दाढी अशी केली, की दोन ठिकाणी कापलं तरी त्यांना कळलं नाही.

चहाला तिघं बसली. थोरलीने विचारलं, की थंडी संपली, पाणी पुन्हा ऊन झालं, की हे शार्क पांगतात ना? बंबवाले म्हणाले, पांगतात. मग पुन्हा कधी? पुढच्या थंडीत.

"म्हणजे यंदाचा मोसम आपला चुकलाच," ती म्हणाली आणि कपात बघत राहिली. मग म्हणाली, "तिकडच्या खोल्या उगाच अडवून ठेवण्यात अर्थ नाही. पण माझं एक लोखंडी कपाट आहे, ते आणायला कुणीतरी लागेल."

"टेम्पो सांगतो की," बंबवाले म्हणाले. "केवढं आहे?"

थोरलीने गंभीर चेहऱ्याने विचार केला.

"मोठं आहे. वर चढवताना चार हमाल लागले होते. त्यातले दोघं त्या कपाटामागे गेले ते अजून बाहेर आलेले नाहीत."

बंबवाले तिच्याकडे बघतच राहिले. धाकटी मात्र अशी हसत सुटली, की शेगडीवरचं दूध उतू गेलं ते तिघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.