दोरीवरची दीड मिनिटं

आमच्या नम्रताचे हात कमजोर आहेत, असं पुण्यातल्या एका माणसाने मोबाइलवरून सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. नम्रता माझी भाची. मिठबावच्या आमच्या घरी नारळांची गोणी उचलायची असली की दादा, म्हणजे तिचा बाप गुरुदास, शेजारच्या पोरांना नाही, तिला हाक मारतो. आणि हे कौस्तुभ नावाचे गृहस्थ, ज्यांनी आयुष्यात कधी नारळ सोलला नसावा, ते मला ऐकवत होते की मुलगी धावते छान, पण खांद्या-दंडांत जोर नाही.

मी शाळेत भूगोल शिकवते. माझ्याशी वाद घालायला मुख्याध्यापकही बिचकतात. पण त्या दिवशी "बरं" म्हणून फोन ठेवला, कारण नम्रताचं पुढचं सगळं या माणसाच्या हातात होतं.

नम्रता मुंबईला जाऊन एक हायब्रिड रेस करून आली होती. त्यात नुसतं धावून भागत नाही. एक किलोमीटर धावायचं, मग एक कष्टाचं काम करायचं, पुन्हा एक किलोमीटर, पुन्हा काम, असं आठ वेळा. वजन लादलेली घसरगाडी ढकलायची, तीच दोरीने ओढून आणायची, दोन्ही हातांत वजनं घेऊन चालायचं, वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन गुडघे टेकत जायचं. पैसे भरून लोक हे करतात हे ऐकून वहिनीने कपाळाला हात लावला होता. नम्रता मात्र तिथून आली ती उजळलेल्या चेहऱ्याने. इतकी खूश मी तिला दहावीच्या निकालालाही पाहिली नव्हती.

पुण्याचं एक प्रशिक्षण केंद्र वर्षभरासाठी दोन मुली निवडणार होतं. राहणं, खाणं, शिकवणं, सगळं त्यांचं. खेळाडूंच्या निकालाची चिरफाड करून कोणाला घ्यायचं ते कौस्तुभ ठरवणार होते. नम्रताचा निकाल त्यांनी उघडला आणि एकाच जागी अडकले. धावण्यात ती पहिल्या काही जणींत, बाकीच्या कामांतही बरी, आणि घसरगाडी दोरीने ओढताना थेट तळाला. तिथे तिची जवळजवळ दीड मिनिटं जास्त गेली होती. निवड झाली नाही तर वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात ऑफिसातली जागा तयार होती, एक तारखेपासून. नम्रताने मनातून ते मान्यही करून टाकलं होतं. "जाऊ दे गो आते, माझेच हात बारीक," म्हणाली. मला ते अजिबात सहन होत नव्हतं.

तिची मैत्रीण संचिता प्रेक्षकांत होती. तिने दोरी ओढण्याचा सगळा भाग मोबाइलवर घेतला होता. तो व्हिडिओ आम्ही घरच्या टीव्हीवर इतक्या वेळा पाहिला की वहिनीला पुढे काय होणार ते पाठ झालं. ओढताना पोरीचे दंड काय दिसत होते! चूक म्हणाल तर आम्हा कुणालाही कुठे दिसली नाही.

शेवटी मी हट्टाला पेटले. "नुसत्या आकड्यांवर मुलीचं भविष्य ठरवू नका, एकदा व्हिडिओ बघा," असं ठणकावून सांगितलं आणि रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल ठरवला. कौस्तुभ पडद्यावर आले. चष्मा, तुळतुळीत दाढी, बोलणं अगदी मऊ. मऊ बोलणाऱ्यांचा मला आधीच राग येतो. नम्रता, दादा, वहिनी आणि मी दाटीवाटीने बाकावर बसलो आणि व्हिडिओ सुरू झाला.

"थांबवा," कौस्तुभ म्हणाले. "इथे ती खाली का वाकली?"

"दोरी गुंडाळतेय," मी म्हणाले.

"का?"

मी दादाकडे बघितलं, दादाने वहिनीकडे. असला प्रश्न आम्हाला आजवर कुणी विचारला नव्हता.

"का म्हणजे?" मी म्हणाले. "दोरी ओढली की गुंडाळतात."

"पसरून ठेवतत काय कोण?" वहिनी पुटपुटली.

"नायतर कोणाचो तरी पाय अडकतलो," दादाने समजावलं.

"कोणाचा अडकेल?" कौस्तुभ म्हणाले. "त्या पट्ट्यात ती एकटीच आहे."

मग मीच त्यांना रापण काय ते सांगितलं. समुद्रात लांबवर जाळं टाकतात आणि किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी दोरीने ओढून आणतात. रापण लागली की आमच्याकडे कोळी कोण आणि बागायतदार कोण हे कुणी विचारत नाही, जो किनाऱ्यावर असेल तो दोरीला हात लावतो आणि मासळीचा वाटा घेऊन घरी जातो. जो सगळ्यात मागे असतो तो आलेली दोरी गोल गुंडाळत राहतो. पसरून ठेवली तर म्हातारे सात पिढ्यांचा उद्धार करतात. नम्रता लहानपणापासून दादाबरोबर जायची आणि मागे उभी राहून तेच करायची.

व्हिडिओ पुढे सरकला. ती चार हात ओढत होती, वाकून एक वेढा घालत होती, पुन्हा ओढत होती. घसरगाडी आली की वेटोळं नीट बाजूला सरकवून मगच पुढच्या फेरीसाठी पलीकडे धावत होती. आता कुणीतरी दाखवल्यावर ते ढळढळीत दिसायला लागलं.

"आणि इथे," कौस्तुभांचा आवाज आता थोडा हलत होता, "ती शेजारच्या मुलीची दोरी का सरळ करते आहे?"

"ती तिच्या पायात जायत होती," नम्रता ओशाळून म्हणाली आणि लगेच सावरली. "म्हणजे, जात होती, सर."

कौस्तुभांनी चष्मा काढला आणि ते खदाखदा हसले. मग दादा हसला, मग आम्ही सगळेच. हसून झाल्यावर ते म्हणाले, "जरा थांबा," आणि पुन्हा पुन्हा व्हिडिओ मागेपुढे करायला लावून नुसता ओढण्याचा वेळ मोजू लागले.

"गुंडाळणं वजा केलं तर ओढण्यात ही पहिल्या तिघींत येते," ते म्हणाले. "हातांबद्दल मी जे बोललो ते मागे घेतो, मॅडम."

मी दादाच्या पाठीत धपाटा घातला. हा माणूस मला एकदम आवडायला लागला.

"पण खेळाडू दमला की सवयीनेच वागतो," ते पुढे म्हणाले. "ही सवय सुटते का, ते मला बघायचं आहे. आत्ता दाखवता येईल?"

नम्रता सरावाला एका पत्र्यावर चिरे रचून तो घरापुढच्या खळ्यात ओढायची. आम्ही मोबाइल तुळशीपाशी टेकवून ठेवला. तिने दोरी धरली. चार हात ओढले आणि वाकली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी वाकली नाही, पण पायाने दोरी गोळा करायला लागली. तिसऱ्यांदा पुन्हा वाकली आणि चिऱ्यांवरच बसली.

"आते, माका जमाचां नाय. हात आपसूक जातत." मग मोबाइलला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "आणि मी गेलंय तर हयसर कोण बघतलो? कलमांची फवारणी इली. आवशीचो गुडघो दुखता."

म्हणजे गाठ ही होती तर, आंब्याची कलमं आणि आईचा गुडघा. एवढी तणतण करणारी मी, पण मला हे सुचलं नव्हतं. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं.

दादा मोजकं बोलणारा माणूस. तो उठला, तिच्या मागे जाऊन उभा राहिला आणि दोरीचं टोक हातात घेतलं.

"तू ओढ. मागचां मी बघतंय."

नम्रताने एकदा वळून त्याच्याकडे पाहिलं. मग पाय रोवले आणि ओढायला लागली. चिरे खडखडत आले. तिच्या हातांतून सुटलेली दोरी दादाच्या हातांत वेटोळं होऊन जात होती आणि तिने एकदाही खाली बघितलं नाही. पत्रा येऊन तिच्या पायांशी थांबला.

"वेळ?" मी विचारलं.

"घड्याळ लावायलाच विसरलो," कौस्तुभ म्हणाले. "पण मॅडम, स्पर्धेत बाबा मागे नसतील."

दादाला उद्देशून कुणी काही बोललं नव्हतं, तरी त्यालाच आधी समजलं. त्याने वेटोळं सोडलं, पत्रा पुन्हा खळ्याच्या टोकाला नेला, दोरी नम्रताच्या हातात दिली आणि बाजूला पायरीपाशी जाऊन उभा राहिला.

"ओढ," म्हणाला.

तिने ओढलं. दोरी तिच्या मागे वेडीवाकडी पडत गेली, अबोलीच्या वाफ्यात शिरली, वहिनीच्या कळशीला अडकली. नम्रता वाकली नाही, मागे बघितलं नाही, पत्रा पायांशी आणूनच थांबली आणि कमरेवर हात ठेवून हसली.

"एक तारखेला पुण्याला या," कौस्तुभ म्हणाले. वहिनी डोळ्यांना पदर लावून हसत होती. मी उघड उघड रडले, आनंदाने, आणि त्याची मला जराही लाज वाटली नाही.

दोरी खळाभर पसरली होती. दादा पायरीपाशी उभा राहून त्या दोरीकडे बघत होता. त्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते.